मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस

"मॅडम, लेक्चरचे व्हिडिओ घरी बघायला काही नाही हो. पण हातात मोबाईल दिसला की आजी ओरडते, ठेव तो आणि अभ्यासाला बस!"

एसवायच्या वर्गात एक मुलगी आज हे बोलली. सगळे हसले, मीही हसले. पण तिला उत्तर काय द्यायचं?

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये ब्लेंडेड लर्निंगचा मसुदा काढला. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवा, बाकीचा वर्गात. कागदावर छानच.

पोरांचीही ना नाही. एसटी चुकली तरी तास बुडणार नाही, म्हणून उलट खूशच आहेत.

"ही पिढी मोबाईलवरच वाढलीय, त्यांना काय शिकवायचं," हे स्टाफरूममधलं आवडतं वाक्य. अहो, रील्स सरकवणं वेगळं आणि पाऊण तासाचं लेक्चर मध्येमध्ये थांबवून, मागे नेऊन, वहीत टिपणं काढणं वेगळं. बरेच जण दुप्पट स्पीडने व्हिडिओ पळवतात आणि 'झाला' म्हणतात. त्यात घरात एकच चांगला फोन, भाऊ दहावीला, डेटा संध्याकाळीच संपलेला.

व्हिडिओवरून अभ्यास कसा करायचा, हे तुमच्या कॉलेजात कुणी बसून शिकवतं का?