लाईट गेली तेव्हा डायमध्ये माल होता

आम्हाला गुरुवारी सुट्टी. भोसरीत बहुतेक कारखान्यांना गुरुवारचीच असते. त्यामुळे बुधवारी दुपारी चहा झाला की शॉपमध्ये जरा सैलपणा येतो, कोण गावाला चाललाय त्याच्या गप्पा सुरू होतात. त्या बुधवारी मात्र मनालीतल्या एका हॉटेलच्या खिडक्यांचं सेक्शन, म्हणजे काचतंतूच्या फ्रेमची लांब पोकळ पट्टी, लाइनवर होतं आणि सहा मीटरच्या एकवीस लेंग्थ बाकी होत्या. मिनिटाला चाळीस सेंटीमीटर, म्हणजे एका लेंग्थला पाव तास. रात्री सव्वाआठपर्यंत संपेल असा माझा हिशोब.

तीनला पाच कमी असताना लाईट गेली.

जनरेटर दहा सेकंदांत उचलतो. आम्ही सगळे त्याच्या आवाजाची वाट बघत उभे. आवाज आला नाही. नुसतं टक् टक् आणि शांतता. इलेक्ट्रिशियन बाहेर पळाला. मी पॅनेलकडे पाहिलं, डाय म्हणजे साचा तापवणाऱ्या तिन्ही झोनचे आकडे विझलेले. हीटर बंद झाले, म्हणजे निदान माल जास्त भाजणार तरी नाही, असं माझ्या मनात आलं. दोन वर्षं प्रोसेसला काढलेल्या इंजिनिअरच्या मनात हे यावं, याची आजही लाज वाटते.

लाइनवरचे आमचे अनुभवी मामा म्हणाले, "साहेब, लाईट गेली म्हणून लोखंड गार होत नाही."

आमचं काम थोडक्यात असं: रॅकवरच्या बॉबिनांमधून काचेचे धागे येतात, रेझिनच्या, म्हणजे तापल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या, टबात भिजतात, वरून खालून काचेची मॅट गुंडाळली जाते आणि ते सगळं मीटरभर लांबीच्या तापलेल्या पोलादी डायमध्ये शिरतं. मधला झोन 140 अंशांवर. आत शिरताना लगदा, बाहेर पडताना टणक फ्रेम. मधल्या दोन-अडीच मिनिटांत रेझिन शिजतं आणि शिजताना स्वतःचीही उष्णता सोडतं. पलीकडचा पुलर हा सगळा पट्टा अखंड ओढत असतो, म्हणून प्रत्येक इंच डायमध्ये ठरावीक वेळच राहतो. ओढणं थांबलं की हा हिशोब मोडतो. डायचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट असतं. उष्णता सरकत तिथवर आली आणि तिथलं रेझिन घट्ट झालं, की डायच्या भोकापेक्षा जाड असं बूच तयार होतं. ते पुढे जात नाही, मागेही येत नाही. त्यात आमचं सेक्शन पोकळ, दोन कप्प्यांचं. आत पोकळी राखणारे दोन लांब मँड्रेल, म्हणजे पोलादी गाभे. डाय बसली तर मँड्रेलसकट बसणार.

ॲल्युमिनियमवाल्यांचं मला नेहमी वाटतं, यांचं बरं आहे. बिघडलं तर वितळवा, पुन्हा ओता. आमचा माल एकदा पक्का झाला की झाला. भंगारवालासुद्धा त्याला हात लावत नाही.

तोंडाशी थंड पाणी फिरवणारा पंपही अर्थात बंद होता. मामांनी हेल्परला गोणपाट आणायला पाठवलं. ते भिजवून डायच्या तोंडावर थापलं. वाफ निघाली, बादलीमागून बादली ओतणं सुरू झालं. "आता ओढायला पाहिजे," मामा म्हणाले. मेंटेनन्सची दोन टनी चेनपुली आणली, शेडच्या खांबाला अडकवली, पुलरचे जबडे हाताने सोडवले. प्रश्न असा, की प्रोफाइलला पकडायचं कसं?

मी घाईघाईत टोकाशी बॅटरीच्या ड्रिलने भोक पाडलं, बोल्ट घातला, त्याला शॅकल, म्हणजे साखळी अडकवायची कडी. दोघांनी साखळी ओढली. कर्र असा आवाज झाला आणि बोल्ट टोकाकडून अलगद बाहेर आला, मागे बोल्टच्या रुंदीची सरळ खाच ठेवून. धागे सगळे लांबीच्या दिशेने! त्या दिशेने हे मटेरियल जबरदस्त, पण भोकापासून टोकापर्यंत ते लाकडासारखं चिरत जातं. हेच मी आदल्या महिन्यात एका फॅब्रिकेटरला फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. कडेला स्क्रू मारू नका म्हणून.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पॅकिंगच्या लाकडाचे दोन ठोकळे घेतले, आतून एमरी कागद लावला, प्रोफाइल मध्ये धरलं आणि चार सी-क्लॅम्प आवळले. साखळी ताणली. काही क्षण काहीच झालं नाही. मग डायच्या आतून कट्ट असा आवाज आला आणि पट्टा बोटभर सरकला. पुन्हा कट्ट. पुन्हा बोटभर. सरकलं की मागून थंड, ओला धागा तोंडात शिरतो, त्यानेही तोंड गार राहतं. आम्ही आळीपाळीने साखळी ओढत होतो. चौदा मिनिटांत जेमतेम हातभर पट्टा निघाला असेल.

जनरेटर अखेर सुरू झाला. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर चढला होता, एवढंच कारण. पुलर लावला. नेहमी दीड टनाच्या आसपास असणारा लोड तीनवर गेला, साडेतीन, तीन-आठ. चारला मशीन ट्रिप होतं. माझं बोट लाल बटणावर. मामा डायवर हात ठेवून डोळे मिटून उभे, डॉक्टर नाडी बघतो तसे. मग काटा हलला. तीन-पाच. दोन-नऊ. दहा मिनिटांनी दीड.

पुढचे तीन मीटर कापून टाकले. हिऱ्याच्या ब्लेडने आडवं कापून छेद बघितला. हातभर भाग चहासारखा तपकिरी, कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा, मधल्या भिंतीत पांढुरके फुगे. पाणी शिरलेला भाग तर नखाने खरवडत होता.

मनालीच्या खिडकीत हे गेलं असतं तर? तिथे आम्हाला घेतलं त्याचं कारणच फ्रेम होती. खोलीत 20 अंश आणि निम्मी आर्द्रता असेल, तर साधारण 9 अंशांखालच्या पृष्ठभागावर दव धरतं. साधी ॲल्युमिनियमची फ्रेम बाहेरची थंडी थेट आत आणते, सकाळी चौकटीतून पाणी ओघळतं. काचतंतूच्या प्रोफाइलमधून उष्णता त्याच्या शेकडोपट कमी वाहते. शिवाय लांबीत ते काचेएवढंच फुगतं-आकसतं. 50 अंशांच्या फरकात अडीच मीटर ॲल्युमिनियम जवळपास तीन मिलिमीटर हलतं, काच एकच मिलिमीटर. मधला ताण सीलंटने सोसायचा. पण हे सगळं धागा आणि रेझिन एकजीव असतील तोवर. भेगेतून पाणी शिरलं की कागदावरचे आकडे कागदावरच.

उरलेल्या लेंग्थ रात्री साडेनऊला संपल्या. माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला, किती स्क्रॅप? तीन मीटर म्हटलं. "बस?" म्हणाले आणि ठेवला.

घरी पोचेपर्यंत हात पेटले होते. कापताना फुलस्लीव्ह घातलं नव्हतं, काच कोपरापर्यंत रुतलेली. आईने गरम पाण्याची बादली काढून ठेवली होती. काच लागली की गार पाण्यानेच धुवायचं, हे मामांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. तिला एवढंच म्हणालो, "आज गारच दे." कपाळाला हात लावून ताप नाही याची तिने खात्री केली, मगच नळ सोडला.