आधी रंग, मग चव

स्मूदी तोंडाला लागायच्या आधी ग्लासातून दिसते, आणि आमच्या घरात तिचा निकाल तिथेच लागतो. पालक आणि केळं फिरवलं की छान पोपटी रंग येतो, लेक काही न बोलता पिते. त्याच पालकात बीटाची एखादी फोड पडली, की सगळा मामला गढूळ तपकिरी होतो. चवीत फारसा फरक नसतो, पण ग्लास ओट्यावर तसाच राहतो. म्हणून हिरव्याला हिरवं, लालला लाल. बीटाबरोबर गाजर, डाळिंब, फार तर संत्रं. पालकाबरोबर काकडी, पुदिना, पेरू. पेरू मात्र गाळावा लागतो, आणि गाळण्यात निम्मा उत्साह जातो.

केळं जवळजवळ सगळ्यात चालतं. सालीवर काळे ठिपके आलेलं, जे एरवी कुणी हातात घेत नाही, तेच घ्यायचं. पिकता पिकता त्यातल्या पिठाची साखर झालेली असते, वेगळी घालावी लागत नाही. चकत्या करून फ्रीझरमध्ये टाकल्या तर बर्फही नको. बर्फ वितळून नुसतं पाणी वाढवतो. पण केळ्याचीही एक खोड आहे. कापलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तेच बेरीवर्गीय फळांतल्या फ्लॅव्हनॉल नावाच्या उपयोगी घटकांचा फडशा पाडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2023 मध्ये हे मोजलं. नुसती फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल घेतलेल्यांच्या तुलनेत केळ्याची स्मूदी प्यायलेल्यांच्या शरीरात ती 84 टक्के कमी सापडली. मी काही केळं सोडलं नाही. फक्त महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की तिला दह्याबरोबर एकटीला फिरवते. तिला सोबतीची गरजही नसते.

पपई आणि दूध हे प्रकरण वेगळं. पपईतलं पपेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडत बसतं, त्यामुळे ताजी स्मूदी गोड लागते आणि तुम्ही फोनवर बोलत बसलात की कडू होते. अननसाचंही तेच. शिऱ्यात तो गुण्यागोविंदाने नांदतो, कारण तिथे तो शिजलेला असतो. उष्णतेने त्याचं एन्झाइम निकामी होतं. कच्चा अननस फिरवायचा तर नारळपाण्यात.

मिक्सरमध्ये पातळ पदार्थ आधी, पालेभाजी त्यावर, गोठलेल्या फोडी सगळ्यात शेवटी. उलट केलं तर पात्याभोवती पोकळी होते, आवाज भरपूर येतो आणि वरचं जिथल्या तिथे राहतं. आणि भांडं हुंगून घ्यायचं! लसणाची चटणी वाटलेल्या भांड्याचा वायसर तो वास धरून ठेवतो, कितीही घासा. चिकूच्या मागून लसूण आला की चिकूचाही राग येतो.

आमचे आप्पा, म्हणजे सासरे, या सगळ्याला शिकरण म्हणतात आणि चमचा मागतात. खरं तर त्यांना हवी असते बीटाची कोशिंबीर, दाण्याचं कूट घातलेली, वर हिंग-मोहरीची फोडणी. नवी कवळी अजून बसलेली नाही, त्यामुळे कच्चं बीट चावत नाही. मला स्वतःला स्मूदीपेक्षा कोशिंबीरच पटते. चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोटालाही खबर लागते. ग्लास मात्र दोन घोटांत रिकामा. पण आप्पांसमोर हे बोलायची सोय नाही.

त्यांच्यासाठी बीट वाफवून घेते, दही, थोडी काकडी, मीठ घालून फिरवते. परवा त्यांनी चमचा खाली ठेवून विचारलं, "सूनबाई, याला वरून फोडणी नाही का देता येणार?"

जिऱ्याची दिली. लेकीने नाक मुरडलं. आप्पांनी दुसरा ग्लास घेतला.