तुम्ही विचारलंत म्हणून : आत्या जिवंत आहे

“ताई, वाचक कसे वाढवलेत?” असं कुणी इनबॉक्समध्ये विचारलं की “लिहीत राहा, वाढतील” एवढंच उत्तर मी आजवर देत आले. समोरचा हात जोडल्याची खूण पाठवतो आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारतो. विचारणारच. लग्न कसं जमलं म्हणून विचारावं आणि समोरच्यानं “योग असतो” म्हणावं, तशातलं माझं ते उत्तर.

तर एकदाच काय ते सांगते. पुढच्या वेळी याचीच लिंक पाठवीन.

आधी माझ्याच एका जुन्या पोस्टशी हिशोब. ‘नव्या लेखकांसाठी चार गोष्टी’ अशा थाटाची ती पोस्ट होती. तिचे स्क्रीनशॉट अजून फिरतात आणि लोक ते मलाच पाठवून विचारतात, “हे अजून चालतं का?” सकाळी नऊच्या आत पोस्ट टाका. पहिल्या दोन ओळींत काहीतरी घडू द्या, कारण ‘आणखी पाहा’वर बोट टेकवायचे कष्ट कुणी घेत नाही. लिंक मजकुरात नको, पहिल्या कमेंटमध्ये द्या. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, नुसत्या बदामालासुद्धा. कथामालिका असेल तर भाग अडनिड्या जागी तोडा. हे शेवटचं प्रतिलिपी या कथांच्या अॅपवर लिहिता लिहिता शिकले. तिथे वाचक ‘पुढचा भाग लवकर’ असं खाली लिहितो आणि अगदीच राहवलं नाही तर कॉइन्स मोजून कुलूपबंद भाग उघडतो. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकनं मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट पुढे, पेजेसच्या मागे असं धोरण जाहीर केलं होतं, म्हणून ‘पेज काढत बसू नका, प्रोफाइलवर लिहा’ असंही मी ठणकावून सांगितलं होतं.

त्यातलं एकही कलम मी मागे घेत नाही. फक्त ती पोस्ट लिहिणाऱ्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मलाच, आज विचारावंसं वाटतं, की बाई, हे सगळं तू तीन-चार वर्षं इमानेइतबारे केलंस, तेव्हा तुझे वाचक किती होते? नात्यातले, शाळेतले, आणि एकमेकांच्या पोस्टला ‘वाह’ म्हणायचा अलिखित करार असलेले इतर लेखक. करार मोडला की ‘वाह’ बंद.

माझे वाचक वाढले ते एका भांडणामुळे. भांडण चोरीचं होतं, आणि चोर मी ठरले होते.

माझ्या आत्याची मिरजेत खाणावळ होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशन हॉस्पिटल १८९४पासूनचं, त्याच्या आगेमागे बाकीचे दवाखाने उगवले, आणि कर्नाटकातल्या अथणी, जमखंडी, विजापूरपासून माणसं पेशंट घेऊन येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर, आणि बाहेरच्याला भूक लागते. आत्याचा धंदा त्या भुकेवर. तिची एक लाल कापडी पाठीची वही होती. तीत गिऱ्हाइकांची नावं नसत. ‘पु. वॉर्ड, खाट ११, अथणी. मऊ भात, मीठ नको. दोन डबे.’ असं असे. पेशंट घरी गेला, किंवा घरी जाण्यासारखा राहिला नाही, आणि पैसे बुडाले, की त्या ओळीवर आडवी रेघ आणि पुढे एकच शब्द, ‘सोडले’. मोडकंतोडकं कन्नड ती बोलायची. “ऊट आयता?” हे तिचं पेटंट वाक्य. जेवण झालं का.

मी त्या वहीवर एक लेख लिहिला. शेवट असा होता की आत्या ‘सोडले’ लिहायची खरी, पण सोडायची काहीच नाही. पुढचं वर्षभर भाकरी थापता थापता “ते खाट अकरावाले बुडवून गेले गं” हे पालुपद चालू. देव माणूस वगैरे ती नव्हती. उधारी लक्षात ठेवणारी बाई होती, आणि उधारी देणारीही. मला त्यातली ही गंमत लिहायची होती. लेखाला नेहमीचे लाइक्स पडले, नेहमीच्या माणसांचे, आणि तो खाली गेला.

वर्ष-सव्वा वर्षानं तो माझ्याच माहेरच्या ग्रुपवर आला. वर ‘नक्की वाचा, डोळे पाणावतील’. मिरज गेलेलं, त्या जागी ‘एक छोटंसं गाव’. आत्याची ‘एक आजी’ झालेली. कन्नड गायब. अथणी गायब. मऊ भात तेवढा राहिला होता. ‘सोडले’ही होतं, पण पालुपद कापलेलं, आणि पुढे नवा शेवट. आजी वारते. तिच्या अंत्ययात्रेला कुठून कुठून शेकडो अनोळखी माणसं लोटतात, आणि प्रत्येकाच्या हातात एक भरलेला डबा असतो. खाली: ‘आवडल्यास पुढे पाठवा. लेखक: अनामिक.’ काही ग्रुपांवर अनामिकाच्या जागी एका मोठ्या दिवंगत लेखकाचं नाव होतं. त्यांच्या आत्म्याला काय वाटलं असेल ते असो.

डब्यांच्या त्या ओळीपाशी माझ्याही घशात आवंढा आला. मग त्या आवंढ्याचा राग आला. मला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी ते लिहिलं नसतं. हे म्हणताना आपण प्रामाणिक आहोत की नुसता जळफळाट चाललाय, हे मला आजही सांगता येत नाही.

दुपारी आत्याचा फोन.

“काय गं, मारलंस व्हय मला?”

“आत्या, ते मी नाही लिहिलं.”

“वही माझी, भात माझा, आणि तू न्हाई लिवलं?”

“आधीचं माझं आहे, शेवट दुसऱ्या कुणीतरी लावलाय.”

“कुणी का लावंना. माझ्या मयताला शंभर माणसं? डब्याचं पैसं द्यायला एक फिरकलं न्हाई ते?”

हा खरा शेवट. हा तिला सुचला, मला नाही, आणि त्या अनामिकालाही नाही.

तिला मी समजावू पाहिलं. व्हॉट्सअॅपवर एखादा मजकूर पाच किंवा अधिक हातांतून गेला की त्यावर दोन बाणांची खूण येते, आणि एप्रिल २०२०पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो. पण कुणी तो कॉपी करून नव्यानं चिकटवला की बाण पुसले जातात आणि तो पुन्हा सोवळा होतो. आमच्या ग्रुपवर आला तो असाच सोवळा. “मग पैला कोण ते सापडत न्हाई?” नाही सापडत. ओळखीच्या वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, कायदा चोख आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ बघा. हक्क विकून टाकलेत तरी ‘हे माझं’ म्हणायचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घ्यायचा अधिकार लेखकाकडे राहतो. मग चष्मा काढून म्हणाले, “नोटीस कुणाच्या नावे काढू? अनामिकाच्या?”

म्हणून मी मूळ लेख पुन्हा टाकला, माझ्या नावानं, साहित्यप्रेमींच्या एका मोठ्या समूहात. वर दोन ओळी: हा माझा, आत्या जिवंत आहे.

पहिल्या तासाभरात एका गृहस्थांची कमेंट. ‘दुसऱ्याच्या लेखणीवर आपलं नाव चिकटवताना लाज कशी वाटत नाही?’ मी मूळ पोस्टची तारीख दाखवली. ‘तारीख काय, फोटोशॉप येतं हो सगळ्यांना.’ वहीच्या पानाचा फोटो टाकला. ‘वही कुणाचीही असू शकते.’ आणि मग ज्या एका कमेंटनं मला रात्रभर झोपू दिलं नाही ती: ‘मूळ लेख फारच हृदयस्पर्शी होता. या बाईंनी शेवट बदलून त्याची पार वाट लावली.’

शिव्या मला पचतात. हे पचलं नाही. कारण त्या बाईंच्या (बाईच होत्या) चवीचा वाचक मी इतकी वर्षं शोधत होते. सकाळी नऊच्या आत, पहिल्या दोन ओळींत काहीतरी घडवून. तो वाचक मला मिळाला होता, आणि त्याला माझा शेवट नको होता.

मग कुणीतरी बाजू घेतली, कुणीतरी त्याची अक्कल काढली, समूहात दोन तट पडले. मिरजेच्या एका माणसानं लिहिलं की मी त्या खाणावळीत जेवलोय, आमटी तिखट असायची. (या माणसाला मी आजन्म विसरणार नाही.) स्क्रीनशॉट बाहेर गेले. ‘लेखिकेवर अन्याय’ म्हणून ज्यांनी पोस्ट केल्या त्यांतल्या निम्म्यांनी लेख वाचलाच नव्हता. महिनाभरात माझे फॉलोअर सातशे-आठशेवरून अकरा हजारांवर गेले. अल्गोरिदमला कमेंटी हव्या असतात, कमेंटीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

झालं. असे वाढवले वाचक. आता हे नव्या पोरांना काय शिकवू? आधी चोरी होऊ दे, मग भांड?

“पण टिकवलेत ना तुम्ही,” हा पुढचा प्रश्न. टिकवले, आणि कशाच्या जोरावर तेही सांगते. त्या अकरा हजारांना दुसरी आत्या हवी होती. मी दिली. कल्हईवाला दिला, शाळेतली शिपाईबाई दिली, एसटीतला वाहक दिला. सगळे गरीब, सगळे प्रेमळ, आणि हळूहळू सगळे शेवटच्या परिच्छेदात वारू लागले. नाकं मुरडायची तर खुशाल मुरडा. वीजबिल मलाही येतं. ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांनी मला साहित्यमूल्य शिकवू नये.

पण वीजबिल त्या लेखांनी भरलं असंही नाही, आणि इथे तुमचा एक गैरसमज मोडते. माझं घर चालतं ते पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, संस्थांच्या स्मरणिका, हिंदी मालिकांच्या सबटायटलांच्या पट्ट्यांचे अनुवाद आणि अमृतमहोत्सवी काकांची त्यांच्याच तोंडून लिहिलेली आत्मचरित्रं यांवर. दहा टक्के टीडीएस कापून जे हातात येतं ते. ईमेलनं लेख पाठवायच्या सबस्टॅकवर वर्गणीदार करा म्हणता, तर तिथले पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीमधून येतात, आणि स्ट्राइप भारतात नवं खातं निमंत्रणाशिवाय उघडत नाही. अॅमेझॉनच्या किंडलवर २०१६च्या अखेरीपासून मराठी पुस्तक स्वतःचं स्वतः काढता येतं, मीही काढलं. अकरा हजारांपैकी विकत घेणारे एका छोट्या हॉलमध्ये बसले असते, मागच्या रांगा रिकाम्या ठेवून. एका प्रकाशकानं फोन करून आधी फॉलोअर विचारले, मग म्हणाले, “वा! मग तीनशे प्रती तुम्ही उचलाल ना?” शेवटी लेखाखाली यूपीआयचा क्यूआर लावला. त्यावर महिन्याकाठी येतात काही शे रुपये. अकरा-अकरा रुपये पाठवणारे एक आजोबा आहेत. त्यांना कुठल्याही लेखाचा शेवट आवडत नाही, तसं ते दर वेळी लिहितात, आणि दर वेळी अकरा रुपये पाठवतात.

तेव्हा फॉलोअर, वाचक आणि गिऱ्हाईक ही तीन वेगळी माणसं आहेत. क्वचित एका देहात भेटतात.

जुन्या पोस्टमधली ती बाई यावर म्हणेल, मग कशाला लिहितेस इथे? दिवाळी अंकांना पाठव. १९०९मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून वाचक जमवायचं काम संपादकाचं, लेखकानं फक्त लिहायचं. पाठवते की. काही अंक मानधन देतात, काही अंकाची प्रत देतात, काही प्रतसुद्धा मागून घ्यावी लागते. आणि तिथे आत्याच्या आमटीला कुणी तिखट म्हणत नाही. कुणी काहीच म्हणत नाही. कमेंटी वाईट असतात हे ज्यांना वाटतं त्यांनी ही शांतता भोगलेली नाही.

सध्या मी एक करून बघतेय. लेखात गावं, गल्ल्या, माणसांची बोली इतकी विणून टाकायची की कापायला गेलं तर कापडच फाटावं. ‘एक छोटंसं गाव’ करताच येऊ नये. याचा परिणाम असा की फॉरवर्ड होणं थांबलं, आणि वाचणंही. ‘ताई, गावांची नावं जरा कमी करा, आम्हाला संदर्भ लागत नाही’, हे मला पुण्याच्या वाचकानं लिहिलं, मिरजेबद्दल. पाच-सहा तासांच्या गाडीवरचं गाव! दर आठवड्याला थोडे फॉलोअर गळतात. मी बघते, मग बघायचं नाही असं ठरवते, मग बघते.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक आत्या लिहायला घेतली होती. वारणारी. बिल आलं होतं. अर्धी लिहून ठेवलीय. पुरी करीन की नाही ते विचारू नका.

आणि खऱ्या आत्याला ‘माझे आता अकरा हजार वाचक आहेत’ म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, “त्यांतलं जेवायला किती येत्यात?”