सोंगाला समोरचा दिसला पाहिजे

कॅलिफोर्नियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही हॅलोविनच्या हंगामात भुताखेतांच्या कार्यक्रमांत लोकांना घाबरवणाऱ्या सोंगांसाठी मुखवटे आणि पोशाख बनवतो. मुखवटा तयार झाला की तो लगेच खोक्यात जात नाही. एक जण तो चढवतो, दुसरा समोर चार हात अंतरावर उभा राहतो आणि काही न सांगता उजवा हात उचलतो. मुखवट्याआडच्या माणसाला तो हात खांद्यापासून हलताना दिसला, तरच माल पुढे जातो. २०१४ पासून हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही.

माझे वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात कारागीर होते. शाडू मळायला, साचा भरायला, हातापायांचे जोड लिंपायला घरातले सगळेच लागायचे. डोळ्यांची आखणी मात्र वडिलांचीच. ती सगळ्यात शेवटी व्हायची आणि त्या वेळी कारखान्यात कुणी बोलायचं नाही. आखणी झाली की ते मूर्तीसमोर इकडून तिकडे चालून बघायचे, मूर्ती आपल्याकडे बघते का ते. साचा आणि डोळा या दोन गोष्टी मी तिथून घेऊन निघालो.

आजोळ गुहागरकडचं. शिमग्याला आमच्या वाडीत संकासुर यायचा. काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो दिसायच्या आधी घुंगरं ऐकू यायची आणि आम्ही पोरं माजघरात आजीच्या पदराआड. तो अंगणातून निघाला की पुन्हा आम्हीच त्याच्या मागे धावायचो. घाबरायचं आणि तरीही मागे जायचं, यात आम्हाला काही विचित्र वाटायचं नाही.

२००६ साली बायकोच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात आलो, फुलर्टनला. पुढच्या ऑक्टोबरात तिच्या ऑफिसमधल्यांनी आम्हाला जवळच ब्युएना पार्कला नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन पार्कमध्ये नेलं. तिथे १९७३ साली तीन रात्रींपुरता भुताखेतांचा कार्यक्रम सुरू झाला, तोच आज नॉट्स स्केरी फार्म म्हणून सप्टेंबरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतो. घोस्ट टाउन नावाच्या जुन्या वळणाच्या गावात इतकं धुकं सोडलेलं असतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्या धुक्यातून खर्रर्र असा आवाज आला. गुडघ्यांवर धातूच्या पट्ट्या आणि हातमोज्यांना धातू लावलेला एक जण रस्त्यावरून घसरत थेट बायकोच्या पायाशी येऊन थांबला. जमिनीवर ठिणग्या उडाल्या. अशा सोंगांना तिथे स्लायडर म्हणतात आणि ही कला त्याच पार्कात जन्मली. बायको किंचाळली, माझा दंड धरला आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला मात्र घुंगरं आठवली. आधी आवाज, मग सोंग. गुहागरच्या अंगणात तेच होतं.

२००९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं. मातीत चेहरा घडवायचा, त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात लेटेक्स म्हणजे पातळ रबर ओतायचं. इथवर पेणचं शिक्षण पुरलं. फोम लेटेक्स भट्टीत भाजणं, सिलिकॉनला कातडीचा रंग देणं, एकेक केस सुईनं रोवणं हे चुका करत करत शिकलो. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे ऑक्टोबरात आपल्याच अंगणात भुताचं घर उभारणारी हौशी मंडळी. मार्चमध्ये सेंट लुईसला या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरायचं, तिथे दोन वर्षं एका टेबलावर मुखवटे मांडून बसलो. २०१३ मध्ये पहिल्यांदा एका मोठ्या कार्यक्रमाची बावीस मुखवट्यांची ऑर्डर मिळाली. शिवणकामाला जवळच्या सँटा ॲना शहरातल्या दोन बायका आल्या, त्या आजही आमच्याकडे आहेत.

त्या मुखवट्यांचा मला फार अभिमान होता. रेझिनची टणक गालफडं, खोल खोबणी, त्यात बघायला दोन सेंटिमीटरच्या चिरा. फोटोत ते असे दिसायचे की नजर हटायची नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रात्री फोन आला. आमचा मुखवटा घालून सोंग करणारा तिथला एक मुलगा भिंतीआडून बाहेर पडला आणि समोरच्या धिप्पाड पाहुण्याची मूठ त्याच्या गालावर बसली. रेझिनची कड आतून लागली, तीन टाके पडले. मी पोहोचलो तेव्हा तो पाहुणा बाकावर डोकं धरून बसला होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मी मारलं नाही हो, हात आपोआप गेला." ते खरंच होतं. माणूस दचकला की पापणी मिटते, खांदे वर जातात, मान आखडते, हे सगळं विचाराच्या आधी होतं. कुणी मागे उडी मारतो, कुणी मटकन खाली बसतो, थोड्यांचा हात पुढे येतो. जुनीजाणती सोंगं त्या खांद्यावरून ओळखतात आणि वेळीच बाजूला होतात. आमच्या मुखवट्याआडच्या त्या मुलाला तो खांदा दिसलाच नव्हता.

मुखवटा घरी आणला, गॅरेजमध्ये चढवला आणि बायकोला समोर उभं केलं. तिची हनुवटी आणि गळ्यातलं मंगळसूत्र एवढंच दिसत होतं. चूक माझी होती. मी चेहरा बघणाऱ्यांसाठी घडवला होता आणि आतल्या माणसाला आंधळं केलं होतं. त्या हंगामानंतर सगळे साचे नव्याने केले. आता डोळ्यांच्या जागी रुंद उघडी जागा असते, तिच्यावर काळी जाळी आणि जाळीवर रंगवलेले खोटे डोळे. काही चेहऱ्यांत बघायची जागा तोंडात असते. गालफडं मऊ सिलिकॉनची.

त्याचबरोबर मी दुसरं काम सुरू केलं. आमचा माल जिथे जातो तिथे हंगामात निदान चार रात्री स्वतः उभं राहायचं आणि सोंगाकडे पाठ करून फक्त लोकांचे चेहरे बघायचे. या धंद्यात मी जे काही शिकलो, ते तिथे. छाती काढून सर्वांत पुढे चालणारा बहुधा घाबरत नाही, कारण तो तयार असतो. खरी किंकाळी घोळक्याच्या मधून येते, पुढच्याचा शर्ट धरून, डोळे जमिनीवर ठेवून चालणाऱ्याकडून. चांगलं सोंग पुढच्याला जाऊ देतं. घाबरवायचं ते नेहमी पुढच्या दिशेने, म्हणजे लोक पुढे पळतात आणि वाट मोकळी राहते. मागे पळाले तर एकमेकांवर पडतात. किंकाळीनंतर दोन-तीन सेकंदांत हसू आलं तर काम नीट झालं. हसू आलं नाही, ओठ पांढरे पडले, नजर एका जागी खिळली, तर सोंगानं मागे सरायचं. ही दोन-तीन सेकंदं वाचता यावीत म्हणून जाळी हवी. मोठे पार्क तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं स्पष्ट सांगतात, तरी लोक आणतात. काही ठिकाणी चमकणारी माळ विकत मिळते. ती गळ्यात दिसली की त्या माणसाला घाबरवायचं नाही. मला ही माळ मनापासून आवडते. ती घातलेली माणसं धुक्यातून रमतगमत जातात आणि सोंगाचं शिवणकाम बघतात.

डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी वायला शहराजवळच्या एका भुताच्या घरात ११० पाहुण्यांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की भीती फार कमी असली तरी मजा कमी होते आणि फार जास्त असली तरीही. मधल्या टप्प्यावर सगळ्यात जास्त. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगतो, कारण जास्त रक्त, जास्त दात म्हणजे जास्त चांगलं असं त्यांना वाटत असतं.

२०२० साली इथले बहुतेक मोठे कार्यक्रम रद्द झाले आणि आमच्या ऑर्डरी शून्यावर आल्या. कापडी मास्क शिवून भाडं भरलं, कुणाला काढलं नाही. पुढच्या सप्टेंबरात दारं उघडली, तेव्हाची पहिली रात्र मी विसरणार नाही. लोक किंचाळत होते आणि त्याच दमात सोंगांना "थँक यू" म्हणत होते.

एक आठवण आईची. २०१७ मध्ये ती आली होती, तेव्हा सत्तरीची. आमच्या जाड केसाळ लांडग्याचं सोंग तिच्यासमोर गुरगुरत उभं राहिलं. ऑक्टोबरातही इथे वाळवंटाकडून गरम वारे सुटतात, त्या रात्री उकाडा होता. आईनं हात पुढे केला, त्याच्या मनगटावरचा घाम बघितला आणि मराठीत म्हणाली, "केवढा भिजलायस रे बाळा. पाणी तरी देतात का?" सोंगानं बोलायचं नसतं. तो काही क्षण तसाच उभा राहिला आणि मग त्यानं मान खाली केली, अगदी तिच्या हाताशी. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मागची रांग गप्प होती. त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्या केसाळ पोशाखांच्या पाठीत आणि काखेत हवेसाठी जाळी शिवली आणि अस्तर सुती केलं.

आज आम्ही अकरा जण आहोत. गॅरेज सोडून चार वर्षं झाली. या हंगामासाठी एक सोंग मी स्वतःच्या मनानं घडवलं आहे, कुणाच्या ऑर्डरीचं नाही. त्याला चेहरा जवळजवळ नाहीच, नुसती काळी जाळी, आणि कमरेला चिपळूणहून मागवलेली घुंगरं. गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये मशीननं धूर सोडून चाचणी घेतली. शिवणकामाच्या बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. पहिली छुमछुम झाली तेव्हा दोघींच्या माना एकदम वळल्या, धुरात अजून काहीच दिसत नव्हतं.