वाशीची लिनक्स मीटिंग: जाताना आपलं अडलेलं काम घेऊन जा

वाशीला लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) आणि ओपन सोर्सवाल्यांची (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवाल्यांची) मीटिंग असते, लोक जमतात, कुणीतरी एखादं सॉफ्टवेअर सगळ्यांसमोर चालवून दाखवतं आणि मग गप्पा. गेल्या रविवारी ठाण्याहून जाऊन आले. बऱ्याच जणांना जायचंय पण "आपल्याला काय कळणार तिथं" म्हणून थांबलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकी काही नाही वाचलंत तरी एवढं ऐका, नुसतं बघायला जाऊ नका, घरी किंवा ऑफिसात अडून बसलेलं एखादं काम सोबत न्या.

जायचं कसं ते आधी. ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या गाड्या ९ आणि १० नंबरवरून सुटतात, पश्चिमेकडून येणाऱ्यांना पूल चढून पार पूर्वेच्या बाजूला जावं लागतं, तेवढा वेळ धरा. गाडी वाशीचीच बघून चढा, नेरूळ-पनवेलची असेल तर ती तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते, मग तुर्भ्याला उतरून दुसरी पकडायची. वाशीला पोचायला साधारण अर्धा तास. आणि मेगाब्लॉक आहे का ते शनिवारी रात्रीच बघून ठेवा! ट्रान्स हार्बरवर ब्लॉक लागला की दुपारभर गाड्या नसतात आणि मीटिंगची वेळ नेमकी तीच, मग बसने जायची तयारी ठेवावी लागते.

जागा म्हणजे एका क्लासचा हॉल, स्टेशनपासून चालत. एसी आहे, पण प्लग पॉइंट मोजकेच, एक्स्टेन्शन बोर्ड नेलात तर शेजारचे चार जण तुम्हाला दुवा देतील. ऐरोली-कोपरखैरणेकडची कॉलेजची मुलं बरीच होती, दोन रिटायर्ड काका, आणि ठाण्यात वर्षानुवर्षं डीटीपी करणाऱ्या एक काकू, ज्यांच्यामुळे माझी दुपार सार्थकी लागली, त्यांच्याकडे येतेच.

सुरुवातीला जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचा डेमो झाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप वगैरे लागते, त्यामुळे चांगले चालणारे लॅपटॉप लोकांच्या घरी नुसते पडून आहेत. हा डेमो खूप कामाचा आहे कारण काहीही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच सगळी सिस्टीम चालवून बघता येते, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर सापडतोय का, सगळं बघा आणि मग ठरवा. आपला लॅपटॉप नेणार असाल तर डेटाचा बॅकअप घरीच घ्या, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. तिथे एका मुलाने बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बंद केली आणि विंडोज परत सुरू करताना ती की मागायला लागलं, शेवटी घरी फोन करून बहिणीकडून त्याच्या अकाउंटमधून शोधून घेतली तेव्हा सुटला. १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर व्हेंटॉय हे छोटं सॉफ्टवेअर टाकलं की आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टीमची एक फाइल) नुसती कॉपी करायची, एकाच पेन ड्राइव्हवर दोन-तीन सिस्टीमही राहतात.

आता खरी गोष्ट. नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाची जुनी छापील पुस्तकयादी मी नेली होती, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली, पानं पिवळी पडलेली. मागे पेनाने सभासदांची नावं-पत्तेही लिहिलेत, म्हणून ती कुठल्या ऑनलाइन सेवेवर चढवायची माझी तयारी नव्हती. ओसीआरचा, म्हणजे फोटोतली छापील अक्षरं ओळखून टाइप केल्यासारखा मजकूर करून देण्याचा, डेमो देणाऱ्या मुलाने स्वतःची तयार पानं बाजूला ठेवली, "ताई, तुमचंच पान घेऊ या का?" टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर, एचपीमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेलं, २००५ ला ओपन सोर्स झालं, पुढे बरीच वर्षं गूगलने सांभाळलं. फुकट आहे आणि नेट नसताना चालतं, म्हणजे कागद आपल्याच मशीनवर राहतो.

पहिल्यांदा आलं ते वाचवत नव्हतं. मोबाइलवर काढलेला फोटो, कडेला सावली, पान जरा तिरकं आणि त्यात दोन कॉलम, तर त्याने डावीकडची ओळ थेट उजवीकडच्या ओळीला जोडली, एकाचं पुस्तक भलत्याच लेखकाच्या नावावर. मग पान स्कॅनरवर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) परत घेतलं, सरळ केलं, कॉलम कापून दोन वेगळ्या फायली केल्या, आणि टेसरॅक्टला मराठी ओळखायला लागणारा डेटा घातला, तो मिंट किंवा उबुंटू या लिनक्सवर वेगळं पॅकेज म्हणून टाकावा लागतो. आता पान चक्क वाचता येत होतं. कुठे रफार गळाला होता, कागदावरच्या डागाचा कुठे अनुस्वार झाला होता, पण हे हाताने सुधारण्यासारखं. पानभर टाइप करणं आणि पानभर तपासणं यात केवढा फरक आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

मला तेवढ्यावरच घरी जायचं होतं, पण काकूंनी थांबवलं. म्हणाल्या, "अगं, आता 'दुसऱ्या' शोधून बघ." शोधलं तर अर्ध्या नोंदी सापडल्याच नाहीत, आणि त्या तर समोर दिसत होत्या! कारण असं की ते ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतं, एक नुक्ता (खालचं टिंब) असलेल्या ऱ ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) जोडून, आणि दुसरं साध्या र ला हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडाक्षराचं चिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखीच, कॉम्प्युटरला वेगळी. आमच्या यादीतल्या आधी हाताने टाइप केलेल्या नोंदी एका पद्धतीच्या आणि ओसीआरच्या दुसऱ्या. काकूंनी एका साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस करून सगळं एकसारखं करून दिलं, आणि सांगितलं की यादी मोठी होण्याआधीच ही सवय लाव. वाचनालयाच्या यादीत पुस्तक सापडलं नाही म्हणजे ते नाहीच असं लोक धरून चालतात, त्यामुळे हे बारीकसं काम माझ्या लेखी सगळ्यात मोठं.

१९७५ साली कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक एका गॅरेजमध्ये भरली होती, पुढे त्याच क्लबात ॲपलच्या स्टीव्ह वॉझनियॅकने ॲपल १ हा कॉम्प्युटर दाखवला. तेव्हाही लोक आपापली मशीन घेऊन यायचे आणि एकमेकांचं अडलेलं सोडवायचे. व्हिडिओ बघून मला ओसीआर कळलं नसतं असं नाही, पण व्हिडिओत पान नेहमी स्वच्छ असतं आणि काकू नसतात.

नेताना काम लहान तुकड्यात न्या, अख्खी फाइल नको, अडलेली तीन-चार पानं पुरेत. एरर येत असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, "काहीतरी इंग्लिश मेसेज येतो" म्हणून कुणाला काही कळत नाही. मराठी टायपिंग अडत असेल तर तेही विचारा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड कसा चालू करायचा ते तिथली मुलं पाच मिनिटांत दाखवतात. ज्येष्ठ मंडळींनी आधी कळवलं तर पुढची खुर्ची ठेवतात, मागून प्रोजेक्टरवरची अक्षरं दिसत नाहीत. मधल्या वेळेत चहा-वडापाव असतो, पैसे वर्गणीतून, सुटे ठेवा.

आणि स्वतः डेमो द्यायचा असेल तर जरूर द्या, फक्त टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) फॉन्ट आधीच मोठा करा आणि लागणारं सगळं घरूनच डाउनलोड करून आणा, हॉलच्या वायफायवर सगळे एकदम लागले की ते बसतं. एचडीएमआयची केबल तिथे आहे, पण टाइप सीवाल्यांनी आपला ॲडॉप्टर आणावा.