पेट्रोलचा वास आणि राउंड फिगरची खोड

एप्रिल लागला तसा आमच्या जुन्या गाडीजवळ पेट्रोलचा वास यायला लागला, तोही गाडी चालू असताना नाही, नागपुरात सीताबर्डीत तीन-चार तास उन्हात उभी ठेवली की मग. बायको म्हणे, "टाकी गळून राहिली वाटते", मी वाकून पाहिलं तर खाली जमीन कोरडी ठणठणीत.

पहिल्या गॅरेजवाल्याने बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला, काही निघालं नाही, मग इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून १,८०० घेतले. वास होता तिथंच.

दुसरा मानेवाड्याकडचा, कमी बोलणारा माणूस. त्याने एकच विचारलं, "टाकी फुल्ल असली का जास्त येते का?" हो, येतो ना! तो म्हणे मग पेट्रोल नाही गळत, वाफ गळते. उन्हात टाकीत पेट्रोलची वाफ होते, ती पाईपने एका कोळशाच्या डब्यात (कॅनिस्टर) जाते, कोळसा ती धरून ठेवतो आणि गाडी चालू झाली की पर्ज व्हॉल्व्ह उघडून इंजिन ती ओढून जाळते, म्हणून चालू गाडीत वास नाही. अन् या जुन्या मॉडेलला ही गळती स्वतः तपासायची सोयच नाही, स्कॅनरला दिसणार काय कपाळ!

त्याने पेट्रोलचं झाकण बदलून पाहिलं, फरक नाही. मग स्मोक मशीन आणलं, अगदी कमी दाबाने लाईनमध्ये धूर सोडला आणि टॉर्च घेऊन खाली शिरला. पाच मिनिटांनी मला बोलावलं, टाकीकडून कॅनिस्टरला जाणाऱ्या रबरी पाईपला क्लॅम्पजवळ वळणावर बारीक चीर, अन् तिच्यातून उदबत्तीसारखी धुराची रेघ. इतक्याशा चिरेने दीड महिना डोकं खाल्लं माझं.

मी म्हटलं, "कूलरचा पाईप लावून दे ना तात्पुरता", तर असा पाहिला माझ्याकडे! पेट्रोलच्या वाफेने साधं रबर फुगते, मऊ पडते म्हणे, फ्युएलचाच पाईप पाहिजे. दुसऱ्या दिवशी लावला, क्लॅम्पसकट ३५० रुपये.

जाताना मात्र बोलला, "पंपावर ऑटो कट झाल्यावर पुढं भरता का?" आता काय सांगू, टाकी भरून नोझल आपोआप बंद झाला तरी थोडं अजून भरून पैशांची राउंड फिगर करायची खोड मला कॉलेजपासूनची. तसं भरलं की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरू शकते आणि कोळसा वाया जातो. माझा डबा त्याने हलवून पाहिला, हलका लागला, म्हणजे आत पेट्रोल भरलेलं नाही, सध्या वाचला. दोन आठवडे झाले, वास नाही. फुल्ल टाकी करून उन्हात ठेवायची हिंमत अजून केली नाही.