ब्लँक निळा आला तेव्हा

शुक्रवारी एमएस्सीच्या मुलांचं फॉस्फेट एस्टिमेशनचं प्रॅक्टिकल होतं. दरवर्षी घेते त्यामुळे तोंडपाठ झालंय, मॉलिब्डेट घाला, आन्सा (निळा रंग आणणारं रसायन) घाला, हलवा, दहा मिनिटं थांबा, निळा रंग आला (जितकं फॉस्फेट जास्त तितका गडद) की कलरीमीटरला, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्राला, 660 नॅनोमीटरवर रीडिंग घ्या आणि ग्राफ काढा. पण या वेळी एका मुलीचा ब्लँकच निळा आला. म्हणजे ज्या ट्यूबमध्ये फॉस्फेट घातलेलंच नाही तीच ट्यूब फिकट आभाळी! ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांतून ब्लँक वजाच करायचाय ना, मग चालेल की." मी म्हटलं थांब गं, आधी हे निळं आलं कुठून ते शोध. अर्धा तास गेला. शेवटी कळलं की आदल्या बॅचने ट्यूबा धुण्याच्या पावडरने घासल्या होत्या आणि नीट खळबळल्या नव्हत्या, पावडरमधलं फॉस्फेट काचेला तसंच चिकटून राहिलेलं. ट्यूबा ॲसिडमध्ये बुडवून ठेवल्या, डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या, तेव्हा कुठे ब्लँक पाण्यासारखा आला.

मागे उभी असलेली पोरं कंटाळली होती हे दिसत होतं मला. पण ज्या मेथडने आपण हे करतो तिला फिस्के-सुब्बाराव मेथड म्हणतात, आणि त्या सुब्बारावांनी याच निळ्या रंगाचा असाच पाठपुरावा केला होता, म्हणून मला तो ब्लँक सोडवेना.

यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म 1895, आंध्रातल्या भीमवरमचे. मद्रासला डॉक्टरकी शिकून बोस्टनला गेले, पोटासाठी हॉस्पिटलमध्ये रात्री पोर्टरचं काम केलं, आणि हार्वर्डला सायरस फिस्केंच्या लॅबमध्ये लागले. 1925 मध्ये दोघांनी ही फॉस्फरस मोजायची मेथड छापली. आता गंमत अशी की साधं फॉस्फेट असेल तर रंग काही मिनिटांत येतो आणि थांबतो. पण स्नायूचा अर्क घेतला की रंग आधी कमी यायचा आणि मग हळूहळू चढतच राहायचा. हे रिएजंटवर सहज ढकलता आलं असतं! त्यांनी ढकललं नाही. रंग चढतोय म्हणजे ट्यूबमध्ये अजूनही कुठून तरी फॉस्फेट सुटतंय, म्हणजे ते आधी कशाला तरी बांधलेलं असणार, असा विचार करत ते मागे लागले आणि सापडलं फॉस्फोक्रिएटिन. क्रिएटिनला जोडलेलं फॉस्फेट, इतकं नाजूक की ॲसिड आणि मॉलिब्डेटमध्ये तिथल्या तिथे तुटतं. तोवर स्नायूतलं हे फॉस्फेट साधं, सुटं आहे असंच धरलं जायचं. 1927 ची गोष्ट ही. त्याच सुमाराला लंडनमध्ये एगलटन पती-पत्नींनाही ते स्वतंत्रपणे सापडलं होतं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. मांजराच्या स्नायूला उत्तेजना देऊन दमवलं की हे फॉस्फोक्रिएटिन कमी होतं आणि विश्रांती दिली की परत भरून येतं. चयापचय म्हणजे काय हे मुलांना सांगताना मी भिंतीवरच्या त्या बाणाबाणांच्या तक्त्यापेक्षा हेच सांगते. मग 1929 मध्ये फिस्के आणि सुब्बारावांनी एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरतात तो रेणू, वेगळं काढलं, त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही. आणि गंमत बघा, त्याआधी 1922 चं नोबेल हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंच्या कामासाठी मिळालेलं होतं, तेव्हा सगळा भर लॅक्टिक ॲसिडवर होता.

खो-खो खेळताना "खो" मिळाल्यावर जी झेप घेतो ना आपण, तिला लागणारं एटीपी स्नायूत जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढंच असतं. त्याला लगेच फॉस्फेट परत जोडून देतं ते फॉस्फोक्रिएटिन, साधारण दहाएक सेकंद. तेवढ्यात बाकीची यंत्रणा वेग घेते. जिममधली मुलं क्रिएटिनची पावडर घेतात ती याचसाठी. आणि घरात कुणाचं तरी किडनीचं चालू असलं की रिपोर्टमध्ये आपण पहिल्यांदा जो आकडा शोधतो तो क्रिएटिनिन, तोही याच क्रिएटिनच्या घटीतून रोज तयार होणारा. माझ्या बाबांचा रिपोर्ट आला की मला दरवेळी ती चढत जाणारी निळी ट्यूब आठवते, खरंच.

हार्वर्डने सुब्बारावांना कायम केलं नाही. 1940 मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या टीमने फॉलिक ॲसिड बनवलं, आणि हत्तीरोगावरची डीईसी पण. आमच्या विदर्भात आशाताई घरोघरी येऊन समोर उभं राहून ज्या हत्तीरोगाच्या गोळ्या खायला लावतात ना, त्यातली ती डीईसी. 1948 मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गेले.

हे सगळं मी ट्यूबा वाळेपर्यंत मुलांना सांगितलं. त्या मुलीने परत सेट लावला, ब्लँक शून्यावर, स्टँडर्डची रेषा सरळ. मग जर्नल घेऊन आली सहीला. प्रयोगाच्या नावात आधी नुसतं "फिस्के मेथड" लिहिलेलं होतं, तिथे वर छोटा बाण काढून पुढे "सुब्बाराव" घातलेलं, निळ्याच पेनने.